'स्त्री' किती घरांची? काळ्या पडद्याचा इतिहास

आज बोलायचं आहे ते टर्मिनलबद्दल, म्हणजे ज्या काळ्या पडद्यावर चित्रं नसतात, फक्त अक्षरं असतात, त्याबद्दल. बँका, दवाखाने, रेल्वे, सगळीकडे एके काळी हाच पडदा होता आणि सर्व्हर सांभाळणारी मंडळी आजही त्यावरच काम करतात. प्रश्न साधा आहे. 'स्त्री' हे अक्षर या पडद्यावर किती जागा घेतं?

थोडं मागे जाऊ. १९२८ साली आयबीएमने ८० स्तंभांचं पंचकार्ड आणलं. पुढे कार्डं गेली, पण ८० चा आकडा राहिला. १९७८ चा प्रसिद्ध व्हीटी-१०० टर्मिनल ८० स्तंभ आणि २४ ओळींचा होता. म्हणजे १९२० घरांचा तक्ता आणि एका घरात एक अक्षर.

त्याच सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी 'कर्सेस' ही लायब्ररी लिहिली. तिची युक्ती अशी: पडद्याचे चौकोनी भाग, म्हणजे विंडो, आधी मेमरीत तयार करायचे, त्यांत स्ट्रिंग लिहायची आणि जेवढं बदललं तेवढंच पडद्याकडे पाठवायचं. तेव्हाच्या संथ लाइनवर ही मोठीच सोय होती. पण तिचा हिशेब इंग्रजीचा होता: एक बाइट, एक अक्षर, एक घर.

आपल्याकडे आयआयटी कानपूर आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' तंत्रज्ञानावर काम झालं. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात देवनागरी, बंगाली, तमिळ अशा लिप्यांच्या अक्षरांना एक सामाईक सांकेतिक रचना मिळाली. जोडाक्षर पडद्यावर कसं जुळवायचं, ते जिस्टचं कार्ड बघायचं.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचलं. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. जुन्या कर्सेसने ते तीन बाइट तीन घरांत टाकले की पडद्यावर कचरा दिसायचा.

यावरचा उपाय म्हणजे वाईड कॅरेक्टर. त्यात बाइटऐवजी अख्खं चिन्ह हे एकक धरलं जातं. १९९६ च्या एक्स/ओपन कर्सेस मानकात 'ॲड-एसटीआर' या फंक्शनच्या जोडीला 'ॲड-डब्ल्यू-एसटीआर' आहे आणि एका घरात मूळ अक्षरासोबत त्याला चिकटणारी चिन्हंही ठेवता येतात. एन-कर्सेसने पुढे हे प्रत्यक्षात आणलं. मात्र प्रोग्रामच्या सुरुवातीला लोकेल ठरवायला विसरलात तर ही सोय असूनही उपयोग नाही.

आता 'स्त्री'कडे या. स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी: सहा चिन्हं, अठरा बाइट. केंब्रिजच्या मार्कस कून यांनी लिहिलेला, पुढे अनेक प्रोग्रामांत उचलला गेलेला रुंदीचा नियम हलन्ताला शून्य घरं देतो आणि चिनी अक्षराला दोन. त्या नियमाने 'स्त्री' चार घरांची ठरते. वाचणाऱ्याला मात्र ते एकच अक्षर दिसतं आणि फॉन्ट ते जोडून चारपेक्षा कमी जागेत काढू शकतो.

लायब्ररीची मोजणी आणि टर्मिनलचं चित्र जुळलं नाही, की कर्सर भलतीकडे जातो, तक्त्याची उभी रेघ सरकते, खोडलेल्या नावाची वेलांटी मागे उरते. मग वैतागून कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे, नावं इंग्रजीतच भरा." इंदूर, बडोदा असो वा सोलापूर, आपली नावं यादीतून अशीच रोमन झाली.

वाईड कॅरेक्टरने बाइट आणि अक्षर यांची गल्लत सोडवली. अक्षर आणि घर यांची गल्लत अजून बाकी आहे. तुमच्यापैकी जे प्रोग्राम लिहितात, त्यांनी चाचणीसाठी 'अबक'वर थांबू नये. 'स्त्री', 'क्षत्रिय', 'कार्ट्यांनो' हे शब्द विंडोत लिहून पाहावेत आणि रेघ सरळ राहते का ते बघावं.