लामालेरा

इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात, लेंबाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील गाव. मागे ज्वालामुखीचा खडकाळ चढ असल्याने शेती जवळजवळ नाही, पोट समुद्रावर. हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. खिळे न वापरता लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या होड्यांतून स्पर्म व्हेल आणि मोठ्या पाकटांची शिकार होते. ‘लामाफा’ म्हणजे भालेकरी नाळेवरच्या फळीवरून भाल्यासकट उडी घेतो, आणि त्याच्या अंगाच्या वजनानेच पाते खोल रुततं. मांसाचे वाटे परंपरेने ठरलेले: भालेकरी, खलाशी, होडी बांधणारा, मालक घराणी. विधवांचाही हिस्सा निघतो. उन्हात वाळवलेले तुकडे बायका डोक्यावरून डोंगरातल्या गावांत किंवा वुलांदोनीच्या बाजारात नेतात आणि त्या बदल्यात मका, केळी, कंद आणतात. पैशाचं काम फारसं पडत नाही.

शाळेची फी, औषधं आणि इंजिनाचं इंधन मात्र मांसाच्या तुकड्यावर मिळत नाही. म्हणून शिकलेली मुलं लेवोलेबा, कुपांग किंवा जावात नोकरी शोधतात, काही मलेशियात मजुरीला जातात. इंडोनेशियात देवमासा संरक्षित असला तरी या गावाची पोटापुरती शिकार सरकार चालवून घेतं. बाहेर यावर वाद रंगतो तो बहुधा देवमाशाच्या संख्येवरून; गावात खरी अडचण वल्ही मारायला तरुण कमी पडतात ही आहे.