बैठी कारकुनी आणि हरवलेली पायपीट

रायपूरनजीकच्या उरला औद्योगिक वसाहतीत कारखाने अहोरात्र हलत असतात. त्यांचे कागद हाताळणारे आम्ही मात्र दिवसभर खुर्चीला खिळलेले असतो. या मुलखात मराठी कारकून काही नवा नव्हे. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी छत्तीसगडावर आली आणि १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून येथील कारभार पाहिला. मोडी दप्तर तेव्हाही मांडी घालूनच लिहिले जाई. परंतु पाणी विहिरीचे, वाट पायांखालची, आणि बिंबाजींनी उभारलेले राममंदिरही टेकडीवर! व्यायामाचे नाव न घेता देहाला चलनवलन घडत असे.

ते हरपल्याची किंमत १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी दाखवून दिली. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सतत जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होता; टपाल वाटणाऱ्यांहून टपालखात्यातील बैठ्या कारकुनांनाही तो अधिक होता. हा दाखला आम्हां सरकारी सेवकांच्या फारच जवळचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सुचविले, आणि थोडीही हालचाल व्यर्थ नाही असेही सांगितले. तेव्हा आखाड्याचा मुहूर्त कशाला शोधावा? फाइल शिपायाकरवी न धाडता स्वतः न्यावी, जिना चढावा, भाजी पायी जाऊन आणावी. बदलीच्या गावी मागे राहिलेल्या कुटुंबाचा आधार हा देहच आहे. पेन्शनीपर्यंत तो धड राखणे हेही कर्तव्यच होय.