नोट व्हॅलिडेटर : व्हेंडिंग मशीनशी जोडणी

नोट व्हॅलिडेटर : व्हेंडिंग मशीनमध्ये सरकवलेली नोट खरी आहे का आणि किती रुपयांची आहे, हे तपासून मशीनच्या नियंत्रकाला कळवणारे उपकरण. ‘नोट ॲक्सेप्टर’ आणि ‘बिल व्हॅलिडेटर’ ही त्याचीच नावे. नोट ओळखण्याचे नमुने उत्पादक त्यात भरून देतो. ओळखलेली रक्कम नियंत्रकाला कोणत्या संकेतांत सांगायची, हे मात्र मशीन बसवणाऱ्या तंत्रज्ञाला जुळवावे लागते. ही जुळणी चुकली तरी मशीन पुष्कळदा चालूच राहते, फक्त रक्कम चुकीची मोजते. म्हणून हे काम जबाबदारीचे आहे.

भारतीय नोटा : रिझर्व्ह बँकेची उपकंपनी असलेली ‘भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण’ १९९५ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळूरुत असून छापखाने म्हैसूर आणि सालबोनी येथे आहेत. नाशिक आणि देवास येथील छापखाने केंद्र सरकारच्या महामंडळाकडे आहेत. २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत नोटांचे आकार बदलले. जुनी शंभराची नोट १५७ × ७३ मिमी होती, नवी १४२ × ६६ मिमी आहे. शंभरापर्यंतच्या जुन्या नोटाही चलनात असल्याने एकाच मूल्याचे दोन नमुने व्हॅलिडेटरमध्ये ठेवावे लागतात आणि दोन्हींसाठी एकच रक्कम नोंदवावी लागते.

पल्स जोडणी : ही सर्वांत सोपी पद्धत. नोट स्वीकारली की व्हॅलिडेटर एका तारेवर ठरावीक संख्येने विद्युत्-स्पंद पाठवतो. एका स्पंदाची किंमत डिप स्विचने किंवा उत्पादकाच्या सॉफ्टवेअरने ठरवतात. दर दहा रुपयांना एक स्पंद ठेवला, तर पाचशेच्या नोटेला ५० स्पंद लागतात. स्पंद ५० मिलिसेकंदांचा आणि मधला विराम तेवढाच असेल, तर रक्कम पोहोचायला पाच सेकंद लागतात. दर रुपयाला एक स्पंद ठेवल्यास हाच वेळ ५० सेकंदांवर जातो. नियंत्रकात एका स्पंदाची किंमत चुकून पाच रुपये नोंदवली, तर शंभराची नोट पन्नासच दाखवते. नियंत्रकाला उलट बोलण्यासाठी फक्त ‘इनहिबिट’ची तार असते. तिच्यावरून ‘सध्या नोट घेऊ नको’ एवढेच सांगता येते.

एमडीबी : व्हेंडिंग मशीनसाठी सर्वाधिक रूढ झालेले मानक. अमेरिकेतील ‘नामा’ या व्यवसायसंघटनेने ते स्वीकारले. यात नियंत्रक प्रमुख असतो आणि बाकीची उपकरणे त्याने विचारल्यावरच उत्तर देतात. वेग ९६०० बॉड असतो. नेहमीच्या आठ बिटांसोबत नववा ‘मोड बिट’ लागतो, म्हणून संगणकाला जोडताना वेगळा ॲडॅप्टर वापरतात. नोट व्हॅलिडेटरचा पत्ता षोडशमान पद्धतीत ३० आहे.

सुरुवातीच्या ‘सेटअप’मध्ये व्हॅलिडेटर चलनाचा संकेतांक, गुणक आणि जास्तीत जास्त १६ नोटप्रकारांची मूल्ये कळवतो. प्रत्येक मूल्याला एकच बाइट मिळतो. त्यात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, त्यामुळे ५०० थेट लिहिता येत नाही. गुणक १० ठेवल्यास १, २, ५, १०, २० आणि ५० या आकड्यांतून दहापासून पाचशेपर्यंतच्या नोटा दाखवता येतात. वीज आल्यावर किंवा रीसेट झाल्यावर सर्व नोटप्रकार बंदच असतात. नियंत्रकाने ‘बिल टाइप’ आज्ञा पाठवून ते सुरू करावे लागतात. निर्दोष व्हॅलिडेटर प्रत्येक नोट परत ढकलत असेल, तर आधी ही आज्ञा तपासावी. ‘एस्क्रो’ची सोय असलेल्या व्हॅलिडेटरमध्ये नोट अधांतरी धरून ठेवता येते. ती पेटीत टाकायची की परत द्यायची, हे नियंत्रक ठरवतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोलाची सोय आहे.

इतर जोडण्या : ब्रिटनमध्ये विकसित झालेला ‘सीसीटॉक’ एकाच दुतर्फा तारेवर चालतो आणि त्यात नोट व्हॅलिडेटरचा नेहमीचा पत्ता ४० असतो. ‘एसएसपी’ व ‘आयडी-००३’ हे उत्पादकांचे स्वतःचे सिरियल प्रोटोकॉल आहेत. आरएस-२३२ ची तार टीटीएल पातळीच्या नियंत्रकाला थेट जोडू नये. दोन्हींचे व्होल्टेज वेगळे असल्याने नियंत्रक जळू शकतो. एमडीबीचा वीजपुरवठा साधारण ३४ व्होल्टचा, तर अनेक पल्स व सीसीटॉक उपकरणांचा १२ व्होल्टचा असतो. म्हणून प्लग बसला तरी आधी उपकरणावरची पाटी वाचावी.

रोख आणि यूपीआय : २०२२ मध्ये बंगळूरुत गाजलेल्या इडली देणाऱ्या यंत्रात क्यूआर कोडने पैसे भरायचे होते. नोटा घेऊन नाणी देणाऱ्या यंत्रांत बनावट नोटा पडत असल्याचे दिसल्यावर रिझर्व्ह बँकेनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये १२ शहरांसाठी क्यूआरवर चालणाऱ्या नाणेयंत्रांचा प्रयोग जाहीर केला. तरीही ज्याच्या खिशात फक्त नोट आहे, त्याला मशीनसमोरून रिकाम्या हाताने परतावे लागू नये. एमडीबीच्या एकाच जोडणीवर नोट व्हॅलिडेटर आणि रोकडरहित उपकरण दोन्ही जोडता येतात, त्यामुळे दोन्ही ग्राहकांची सोय होते.

चाचणी : मशीन खुले करण्यापूर्वी प्रत्येक मूल्याची नवी आणि चलनात असल्यास जुनीही नोट चारही दिशांनी घालून पाहावी. नोट एस्क्रोमध्ये असताना व्यवहार रद्द करावा आणि एकदा वीजही तोडून पाहावी. शेवटी मशीनने नोंदवलेली रक्कम आणि पेटीतील नोटांची बेरीज ताडून पाहावी. दोन्ही जुळल्यावरच जोडणी पूर्ण झाली असे समजावे.