गिरणीत दडवलेल्या मोटारी

७ मार्च १९७७ रोजी फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या मुलूझ शहरात काही गिरणी कामगार एका जुन्या लोकर गिरणीत घुसले. मालक परागंदा झाले होते, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. आत काय आहे याची कुजबूज गावात बरीच वर्षं होती, पण डोळ्यांनी पाहिलेले लोक मोजकेच. दरवाजे उघडले तर समोर मोटारींच्या रांगा. चारशेहून जास्त. त्यांतल्या शंभरावर एकट्या बुगाटी कंपनीच्या. पॅरिसच्या एका प्रसिद्ध पुलावरच्या दिव्यांसारखे दिव्यांचे खांब शेकड्यांनी उभे केलेले आणि त्यांच्याखाली लख्ख पुसलेल्या शर्यतीच्या गाड्या. ज्या कारखान्यांत मालाला उठाव नाही म्हणून माणसं कमी केली जात होती, त्यांच्याच मालकांचा हा खजिना.

मालक म्हणजे हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे सख्खे भाऊ. हान्सचा जन्म १९०४चा, फ्रिट्झचा १९०६चा, दोघेही इटलीतले. वडील स्विस, आई जान मुलूझची. वडील वारल्यावर आई मुलांना घेऊन माहेरच्या गावी आली. थोरला बँकेत रुळला, धाकटा लोकरीच्या व्यापारात. पुढे दोघांनी मिळून धंदा वाढवला, मालमेरस्पाखची सूतगिरणी घेतली, नंतर आणखी गिरण्या घेतल्या. मोटारींचं वेड धाकट्याचं, पैशांचा हिशेब थोरल्याचा, आणि दोघांचं दैवत आई. ती १९५७ मध्ये गेली. मोटारींचा हा सगळा संसार त्यांनी तिच्याच नावे अर्पण केला. आपल्याकडे आईच्या नावानं कुणी पाणपोई बांधतो, कुणी शाळेला खोली देतो. या भावांनी तिच्यासाठी बुगाटी गोळा केल्या.

मला मोटारींतलं फारसं कळत नाही, चालवतो ती दुचाकी. पण मुलूझ हे नाव मी आधीपासून ओळखून होतो ते कापडामुळे. आठवी-नववीच्या मुलांना शब्दांचे प्रवास सांगताना ‘छीट’ हा शब्द मी हमखास घेतो. हिंदुस्थानची छापील छीट युरोपात गेली आणि तिथल्या बायकांना तिनं इतकी भुरळ घातली, की फ्रान्सनं काही दशकं त्या कापडावर बंदीच घातली. फ्रेंचमध्ये त्याचं नाव ‘अँदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी. मुलूझ तेव्हा स्वतंत्र नगरराज्य होतं, फ्रान्सची बंदी तिथं चालत नव्हती. १७४६ मध्ये तिथं अशा छापील कापडाचा पहिला कारखाना निघाला आणि पुढं ते गाव ‘फ्रान्सचं मँचेस्टर’ म्हणून गाजलं. आपल्या छिप्यांची नक्कल करून उभं राहिलेलं हे गाव. म्हणून तिथल्या गिरणीची गोष्ट वाचताना मला ती परक्या मुलखातली वाटली नाही.

आता बुगाटीच का? एक तर ती घरची गाडी. एत्तोर बुगाटी मूळचा मिलानचा, पण १९०९ पासून त्याचा कारखाना याच अल्सास प्रांतात, मोल्सहाइमला. बाप लाकडी सामानाचा नामांकित कारागीर, भाऊ प्राण्यांची शिल्पं करणारा. अशा घरातला माणूस मोटारही शिल्पासारखीच बनवणार. १९२४ ची त्याची ‘टाइप ३५’ ही शर्यतीची गाडी घ्या. चाकं ॲल्युमिनियमची ओतीव, ब्रेकचा ड्रम त्याच ओतकामात. पुढचा आस पोकळ आणि त्यातून आरपार जाणाऱ्या स्प्रिंगा. आठ सिलिंडर एका ओळीत, आणि सिलिंडरचं डोकं व धड एकसंध. दिसायला सुंदर, पण दुरुस्त करणाऱ्याच्या जिवावर येणारं. साध्या गाडीत वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह घासता येतात, इथं तेवढ्यासाठी अख्खा ठोकळा उतरवावा लागतो. म्हणूनच जुनी बुगाटी विकत घेणं सोपं आणि ती पुन्हा जिवंत करणं अवघड. पैसा असून भागत नाही, हात लागतात.

फ्रिट्झ तरुणपणी स्वतः अशी गाडी घेऊन डोंगरचढणीच्या शर्यतींत उतरायचा. असं सांगतात, की कामगारांच्या युनियननंच त्याला शर्यती सोडायला लावल्या. मालक घाटात गेला तर आमच्या पोटाचं काय, हा त्यांचा सवाल. ही गोष्ट खरी असेल तर पुढच्या सगळ्या कहाणीला तिच्यामुळे एक कडवट चव येते. गाडी चालवायची नाही ना? मग गोळा करतो!

आणि त्यानं गोळा केल्या त्याही ठोकभावात. इंग्लंडमध्ये बुगाटी मालकांची एक सूची छापली गेली होती, फ्रिट्झनं त्या मालकांना पत्रं धाडली. १९६३ मध्ये बुगाटीचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला, तेव्हा कारखान्यानं स्वतःसाठी राखलेल्या गाड्या त्यानं उचलल्या. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जॉन शेक्सपियर नावाच्या संग्राहकाकडून तीस बुगाटी एकदम घेतल्या, ८५ हजार डॉलरला. उघड्या रेल्वे वाघिणींवर चढवून त्या बंदराकडे निघाल्या, त्याचे फोटो आहेत. लोखंडाच्या पट्ट्या वाहून न्याव्यात तशा.

यांत दोन गाड्या ‘रॉयाल’ जातीच्या होत्या. १२.७ लिटरचं इंजिन आणि नाकावर हत्ती, तोही शिल्पकार भावाच्या मूर्तीवरून घेतलेला. राजेरजवाड्यांसाठी म्हणून काढलेली ही मोटार सहाच बनली, गिऱ्हाइकं मिळाली तीन, आणि त्यांत राजा एकही नव्हता. मंदी आली होती. उरलेली इंजिनं शेवटी फ्रान्सच्या रेल्वेच्या डब्यांत बसवली, ती मात्र उत्तम चालली.

तर एवढ्या गाड्या आल्या, त्यांना हात कुठले? मुलूझमधली एक गिरणी भावांनी आतून रिकामी केली. चाळीसेक कारागीर ठेवले, त्यांत मेकॅनिक, सुतार, चामड्याचं काम करणारे असे सगळे. जुन्या बंद गाड्यांचा सांगाडा बहुधा लाकडाचा असतो, पत्रा त्यावर चढतो. लाकूड कुजलं की सुताराशिवाय गत नाही. गद्द्या शिवायला खोगीर शिवणारा लागतो. दहा-बारा वर्षं हे काम बंद दाराआड चाललं आणि बाहेर बोलायचं नाही अशी सक्त ताकीद. इतक्या कसबी लोकांनी आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं आणि ते बायकोलाही दाखवता येत नव्हतं, हे मला या प्रकरणातलं सर्वांत मोठं दुःख वाटतं. वाहवा मिळाली नाही तरी कारागिराला चालतं, पण काम लपवून ठेवायला लागलं की तो आतून मरतो. आमच्या वस्तीतले जुने विणकर हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

सत्तरच्या दशकात लोकरीचा धंदा बसला. कृत्रिम धागा आला, स्वस्त आयात आली. युरोपभर गिरण्या गारठल्या, फक्त श्लुम्फांच्याच नव्हे. तेव्हा मोटारींपायी गिरण्या बुडाल्या असं सरळ म्हणणं बरोबर नाही. पण यंत्रं जुनी होत असताना पैसा कुठं वळत होता, हा प्रश्न तरी उरतोच. १९७६ मध्ये कपात झाली, संप झाला. चिडलेल्या कामगारांनी भावांना मालमेरस्पाखच्या बंगल्यात वेढलं. ते तिथून निसटले आणि सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझलला गेले, ते कायमचे.

मग आला तो मार्च महिना. कामगारांनी रागाच्या भरात एक जुनी ऑस्टिन बाहेर ओढून जाळली. बस, तिथंच थांबले. बुगाटींना धक्का लावला नाही. गिरणीला ‘कामगारांचा कारखाना’ असं नाव दिलं, दारं सताड उघडली आणि दोन वर्षं स्वतः पहारा देत लोकांना आत सोडलं. जवळपास आठ लाख माणसं ते पाहून गेली. संतापलेला जमाव म्हटलं की तोडफोडच, असं लिहायची आपल्या वर्तमानपत्रांना सवय आहे, त्यांनी हे दोन वर्षांचं पहारेकरीपण जरूर वाचावं. ज्यांची मजुरी त्या गाड्यांत गाडली गेली होती, त्यांनीच त्या जपल्या. आणि चाव्या हाती घेतल्यावर पहिलं काम काय केलं, तर लपवलेली कारागिरी उजेडात आणली.

१९७८ मध्ये फ्रान्सनं हा संग्रह ऐतिहासिक वारसा ठरवला, म्हणजे तो फोडून विकायची किंवा परदेशी न्यायची सोय राहिली नाही. १९८१ मध्ये शहर, प्रांत आणि काही मोटार संस्थांनी मिळून ४ कोटी ४० लाख फ्रँकला तो घेतला. भावांवर खटले झाले, शिक्षा झाल्या, पण ते परतले नाहीत. किंमत फारच कमी लावली, ही त्यांच्या बाजूची तक्रार होती आणि आजचे बुगाटीचे भाव पाहता ती खोटी म्हणवत नाही. हान्स १९८९ मध्ये वारला, फ्रिट्झ १९९२ मध्ये. पुढे संग्रहालयाच्या नावात त्यांचं आडनाव आलं. ते योग्यच झालं असं मला वाटतं. दोष आहे म्हणून नाव पुसायचं ठरवलं तर इतिहासाच्या पुस्तकात पानं उरायची नाहीत.

संग्रहालय लोकांसाठी उघडलं ते जुलै १९८२ मध्ये. हे साल वाचून मी अडखळलो. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले होते. जुलैत मुलूझला पाहुण्यांची रांग लागली तेव्हा गिरणगावात घरातली भांडी मोडीत निघत होती. मदनपुऱ्यातले आमचे मोमीन लोकही त्या साचाखात्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेले. संपाची आठवण काढताना त्यांचा उल्लेख सहसा होत नाही, म्हणून इथं करतो. पुढं त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. फिनिक्स मिलचं धुराडं राहिलं, पण ते शोभेपुरतं.

मात्र यंत्रांचं काय झालं, तर काही साचे मोडीत गेले आणि काही आमच्याकडे आले. गिरण्यांनी टाकून दिलेले माग भिवंडी-मालेगावला आणायचे, गंजलेले भाग घासायचे, नसलेले ओतून घ्यायचे, झिजलेलं लाकूड बदलायचं आणि पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा चालू करायचे, हा उद्योग संपाच्या आधीपासून होता आणि नंतर वाढला. बाप, मुलगे, चुलते सगळे मिळून करायचे. एका मिस्त्रीला तर मागाचा नुसता आवाज ऐकून कोणता दात गेलाय हे कळायचं. नक्षीदार दिव्यांखाली त्यांतला एकही माग ठेवलेला नाही. तीसेक वर्षं जुना भाग काढून नवा बसवत ते चालवले, रात्रपाळीतसुद्धा, आणि अगदीच थकले तेव्हा किलोच्या भावानं दिले.