राजे बदलले, दान थांबले नाही

आपल्यापैकी पुष्कळजण नाशिकच्या लेण्यांवर जाऊन आले आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे आणि ही लेणी भिक्षुसंघाला दिलेली आहेत. आपण पायऱ्या चढतो, वंदना घेतो, डबे खातो आणि खाली येतो. भिंतीवरचे लेख मात्र समजून घ्यायचे राहून जातात.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा मुलूख दोन सत्तांच्या सीमेवर होता. उत्तरेकडून क्षत्रप राजा नहपान, दक्षिणेकडे सातवाहन. भांडण नुसते जमिनीचे नव्हते, घाटांचे आणि बंदरांचेही होते. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथात लिहिले आहे.

नहपानाचा जावई उषवदात हा शक. त्याने इथले १० क्रमांकाचे लेणे कोरवून चारही दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. शिवाय ३००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांतल्या २००० वर महिना शेकडा १ व्याज. म्हणजे वर्षाला २४०. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी. किती चोख हिशेब!

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. राजा बदलला, पण चांदी तीच राहिली.

दानाचंही तसंच झालं. उषवदाताने कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गाव दिलं होतं. सातवाहन अमलात तेच गाव पुन्हा त्यांच्याच नावे झालं. नाशिकलाही गौतमीपुत्राने राज्याच्या १८ व्या वर्षी, पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिलं.

पण ६ वर्षांनी दुसरा हुकूम काढावा लागला. त्यात राजा आणि राजमाता सांगतात, ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या सीमेवरची आमची १०० निवर्तने जमीन द्या. गाव का उठलं, ते लेखात नाही. पण गाव सोडावं लागणं म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. विजयाचे लेख मोठे असतात. त्या कष्टकऱ्यांची नावं कुठंच नाहीत.

तरीही माणसं सीमा ओलांडून येत राहिली. १७ क्रमांकाचे लेणे उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने आईवडिलांसाठी कोरवले. कार्ल्याच्या खांबांवरही यवनांची नावं आहेत. शक असो, यवन असो, विणकर असो, संघाच्या दारात कुणाला मज्जाव नव्हता.

पुढच्या वेळी लेण्यांवर गेलो की मुलांना हे लेख बोट ठेवून दाखवू या. आणि त्या भिंतींवर आपली नावं कोरू नका, हेही सांगू या.