कागदावर जपलेले रान : मुंबई-पुण्याची वनस्पतिसंग्रहालये

वाळवून दाबलेली वनस्पती जाड कागदावर चिकटवायची, शेजारी नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावायची, की वनस्पतीचा नमुना तयार होतो. असे नमुने कुल, प्रजाती आणि जाती या क्रमाने लावून ठेवतात, त्या जागेला वनस्पतिसंग्रहालय किंवा हर्बेरियम म्हणतात. ही पद्धत सोळाव्या शतकात इटलीत रुजली. तिचे श्रेय लुका गिनी या अध्यापकाला दिले जाते.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची पद्धतशीर नोंद एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये निघाली. त्याच वर्षी ग्रॅहम वारले आणि सूचीचे उरलेले काम निम्मो यांनी पुरे केले. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. यांतील गिब्सन हे दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचे प्रमुख होते. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात संपूर्ण इलाख्याचा वनस्पतिकोश प्रसिद्ध केला. नमुन्यांच्या आधाराशिवाय असा कोश लिहिणे शक्यच नव्हते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ मध्ये फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंनी संग्रहाचा पाया घातला. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. आज तेथे एक लाखाहून अधिक नमुने आहेत. ब्लॅटर यांची परंपरा स्पेनहून आलेल्या फादर सांतापाव यांनी चालवली. खंडाळ्याचा घाट वर्षानुवर्षे पायी धुंडाळून लिहिलेला त्यांचा ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले. तेथील संग्रह हा सह्याद्रीच्या अभ्यासाचा दुसरा मोठा आधार आहे.

या संग्रहांचे मोल दोन वनस्पतींवरून कळते. पहिली शिंदळ माकुडी. जाडसर मांसल फांद्यांची आणि गडद लालसर, चांदणीसारख्या फुलांची ही वनस्पती डाल्झेल यांनी १८६५ मध्ये शास्त्रीय जगापुढे आणली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. महाराष्ट्राबाहेर ती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. जुन्नरच्या डोंगरांतील आणि इतर कड्याकपारींतील तिच्या जागा नोंदलेल्या होत्या, म्हणूनच ती पुन्हा शोधता आली आणि तिच्या रक्षणाचा विचार करता आला.

दुसरी नरक्या. हिच्या शास्त्रीय नावात ग्रॅहम यांची सूची पुरी करणाऱ्या निम्मो यांचे नाव आजही आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिच्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सापडले. त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात. मागणी वाढताच सह्याद्रीच्या घाटांतील नरक्याची बेसुमार तोड झाली. एके काळी घाटात दुर्लक्षित असलेले झाड रुग्णांच्या जगण्याशी असे जोडले गेले. ते पूर्वी कोठे वाढत होते, कोणत्या महिन्यात फुलत होते, हे जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर वाचता येते.

औषधी वनस्पतींच्या बाबतीत अचूक ओळख हा आरोग्याचाच प्रश्न असतो. एकाच मराठी नावाने गावोगावी वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. अशा वेळी नमुन्याशी ताडून पाहणे हा खात्रीचा मार्ग ठरतो. फुलण्याच्या जुन्या तारखा आजच्या तारखांशी ताडल्या, तर बदलत्या हवामानाचा मागही काढता येतो. खंडाळ्याच्या घाटात आज रस्ते आणि बंगले उभे आहेत. तेथे पूर्वी कोणते रान होते, हे सांतापाव यांच्या नमुन्यांवरून कळते.

जे नोंदलेलेच नाही, ते नाहीसे झाले तरी कळत नाही. म्हणून शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ही कपाटे उघडून दाखवली पाहिजेत. आपल्या तालुक्याचे नाव शंभर वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर वाचणाऱ्या मुलाला गावामागची टेकडी निव्वळ मोकळी जमीन वाटणार नाही.