तुंबाड (चित्रपट)
राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी चित्रपट (२०१८). कथाकाळ १९१८ ते १९४७. भुयारातील रहस्यपटांत अंधारापेक्षा खाली उतरण्याचे नियम अधिक ताण निर्माण करतात, याचा हा मराठी मातीतला सबळ पुरावा. नायक विनायकराव तुंबाडच्या वाड्यातील विहिरीतून दोराने देवीच्या गर्भात उतरतो. कणकेची बाहुली खाण्यात तेथला राक्षसी देव हस्तर गुंतला असतानाच त्याच्या लंगोटातील सुवर्णमुद्रा काढायच्या असतात. धोका आधीच ठाऊक असल्याने प्रेक्षक एकेक क्षण मोजत राहतो. हा निव्वळ भयपट आहे, असा आक्षेप घेता येईल. पण कथेला पुढे नेते ते या मुद्रांचे गुपित : आधी शापित वृद्धेकडून विनायकाला मिळालेले, मग त्याने मुलाला दिलेले. हस्तरचे भय त्या गुपिताच्या पोटीच जन्मते, म्हणून या चित्रपटाला रहस्यपट म्हणणेच रास्त. २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला.